विहीणबाईंचा उलटा बाण

शाळेत तिला सगळे लॅबताई म्हणत. मुख्याध्यापिका म्हणत, शिपाई म्हणे, आणि एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी नाव विचारलं तेव्हा तिच्या स्वतःच्याच तोंडून आधी 'लॅबताई' निघालं. सत्तावीस वर्षं ती त्या शाळेच्या प्रयोगशाळेत होती. परीक्षानळ्या धुवायच्या, भिंगं मऊ फडक्यानं पुसून खोक्यात ठेवायची, तारांचे गुंते सोडवायचे, आणि तास सुरू झाला की मागच्या स्टुलावर बसून कोण काय फोडतंय ते बघायचं. गणिताचे सर रजेवर गेले की मुलं गणितं घेऊन तिच्याकडे येत. ती हातातली नळी खाली न ठेवता उत्तर सांगायची आणि वर "हे आधीच्या पायरीत चुकलंय" असंही सांगायची.

कारण लॅबताई गणितात एम.एस्सी. होती. म्हणजे जवळजवळ होती. सगळे पेपर सुटले होते, एक राहिला होता: कॉम्प्लेक्स ॲनालिसिस. तो का राहिला, ते घरीदारी सगळ्यांना पाठ होतं. पेपरच्या दिवशीच तिला कळा सुरू झाल्या, लेक जन्माला आली आणि पेपर हुकला. लेकीच्या प्रत्येक वाढदिवसाला कुणी ना कुणी मावशी नाहीतर काका केकचा तुकडा तोंडात टाकता टाकता म्हणायचेच, "हिच्यापायी हो आईचा पेपर राहिला!" सगळे हसायचे. लेकही हसायची. इतकंच नाही, तर त्या पेपरच्या पुस्तकाच्या शेवटी असलेली उत्तरांची पानंही याच लेकीनं दीड वर्षाची असताना फाडून, चावून, निम्मी गिळली होती. तेव्हा आरोप तसा भक्कम होता.

एकोणतीस वर्षांनी विद्यापीठातून पत्र आलं. ज्यांचे पेपर राहिलेत त्यांना एक शेवटची संधी. ही घेतली नाही तर जुने गुण रद्द. लॅबताईनं ते पत्र तीन दिवस पिठाच्या डब्याखाली ठेवलं. चौथ्या दिवशी ते लेकीला सापडलं आणि तिनं आईला विचारायच्या आधी फॉर्म भरून टाकला.

"आई, तू फक्त अभ्यास कर," लेक म्हणाली. "आणि एक काम कर. माझ्या सासूबाईंना सोबत घे."

"त्यांना कशाला?"

"अगं, रिटायर झाल्यापासून त्या घरी आहेत. माझं कपाट त्यांनी चौथ्यांदा लावलंय. परवा मसाल्याच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या, काल रंगाप्रमाणे. मला आता हळद सापडत नाही. त्यांना काहीतरी करायला दे, नाहीतर मीच तुझ्याकडे राहायला येते."

लेकीच्या सासूबाई, म्हणजे लॅबताईच्या विहीणबाई, या जमीन मोजणीच्या खात्यात बत्तीस वर्षं होत्या. आधी नकाशे काढायच्या, मग स्वतः साखळी आणि दुर्बीण घेऊन शेतं मोजत फिरायच्या. उंच, ताठ, केस घट्ट बांधलेले. चहा ओतला तरी चारही कपांत एका पातळीवर. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती तरी या दोघींचं बोलणं अजून "आपण बसा", "छे छे, आपण आधी" याच्या पुढे गेलं नव्हतं. दोघीही एकमेकींना 'विहीणबाई' म्हणायच्या, त्यामुळे फोनवर नुसतं ऐकणाऱ्याला एकच बाई स्वतःशी बोलतेय असं वाटायचं.

पहिल्या रविवारी दुपारी तीनला विहीणबाई आल्या. हातात कंपासपेटी, दोन पट्ट्या आणि एक कोरी मोठी वही. लॅबताईचा नवरा बेकरीत भट्टीवर कामाला. पहाटे जायचा आणि दुपारी येऊन आतल्या खोलीत झोपायचा. त्यामुळे दोघी जेवणाच्या टेबलाशी बसून दबक्या आवाजात बोलू लागल्या.

लॅबताईनं घसा साफ करून सुरुवात केली. वास्तव संख्या आडव्या रेषेवर, काल्पनिक संख्या उभ्या रेषेवर, दोन्ही मिळून एक कॉम्प्लेक्स संख्या. समजायला पहिल्यांदा जरा जड जातं, विहीणबाईंनी धीर सोडू नये, वगैरे.

विहीणबाई म्हणाल्या, "थांबा हं. म्हणजे पूर्वेला किती आणि उत्तरेला किती?"

"हो... तसं म्हणता येईल."

"मग हे तर आमचं रोजचं. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत पूर्वेला इतकं, उत्तरेला इतकं. पण याला काल्पनिक का म्हणायचं? उत्तरेकडे चाललेला माणूस काय काल्पनिक असतो?"

याचं उत्तर एकोणतीस वर्षांपूर्वी प्राध्यापकांनाही देता आलं नसतं. लॅबताईला हसू फुटलं, आणि आत नवरा झोपलाय म्हणून ते तिनं पदरात कोंबलं. त्या दिवशी दोघींनी पहिलं प्रकरण संपवलं.

पुढचे रविवार झकास गेले. लॅबताई सिद्धता मांडायची, विहीणबाई आकृत्या काढायच्या. काय त्या आकृत्या! वर्तुळ म्हणजे वर्तुळ, कुठे थरथर नाही. पुस्तकातल्या आकृत्या त्यांच्यापुढे चहाच्या डागासारख्या दिसायच्या. वही एकच होती. ती एक आठवडा हिच्या घरी, एक आठवडा तिच्या घरी जायची, म्हणजे ज्या घरी असेल तिथे त्या आठवड्यात झालेलं पुन्हा वाचता यावं. पुस्तकातली उत्तरांची पानं तर नव्हतीच, पण उत्तरं मोबाइलवरही शोधायची नाहीत, असा विहीणबाईंचा दंडक होता. "शेजारच्याची मोजणी बघून आपली लिहायची नसते," त्या म्हणाल्या, आणि लॅबताईलाही ते पटलं.

चौथ्या प्रकरणात बंद वाटा आल्या. एका बिंदूपासून निघायचं, वळसा घालून परत तिथेच यायचं, आणि वाटेवर जे जे भेटेल त्याची बेरीज करायची. आत सगळं ठीकठाक असेल तर बेरीज शून्य.

विहीणबाई तर खुर्चीतून उठल्याच. "अहो, शेताची फेरी! हद्दीच्या दगडापासून निघायचं, सगळे कोपरे घेत परत त्याच दगडावर यायचं. पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण सगळं मिळून शून्य यायला हवं. आलं नाही तर कुणीतरी डुलकी काढलीय."

"आणि आत एखादी वाईट जागा असेल, जिथे भागाकारात खाली शून्य येतं, तर बेरीज शून्य येत नाही," लॅबताई म्हणाली. "त्याला पोल म्हणतात."

"खड्डा म्हणा. आत खड्डा आहे का ते आत न जाता, नुसतं भोवतीनं फिरून कळतं. बत्तीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही." विहीणबाईंनी झरझर एक वाट काढली, मधे खड्ड्याचा ठिपका दिला, आणि वाटेवर एक सुबक बाण काढला.

बाण उलटा होता.

पुस्तकात बाण घड्याळाच्या काट्यांच्या उलट जातो. सगळं शास्त्र तसं गृहीत धरून लिहिलेलं. वाट उलटी फिरलात तर उत्तराला वजा लागतो. विहीणबाईंच्या खात्यात मात्र शेताची फेरी काट्यांप्रमाणेच मारायची पद्धत होती, आणि बत्तीस वर्षांच्या सवयीनं त्यांचा हात तिकडेच वळला. लॅबताईला ते पहिल्याच क्षणी दिसलं. तिनं तोंड उघडलं आणि परत मिटलं. मुलाच्या आईची चूक काढायची, तीही त्या इतक्या आनंदात असताना? जाऊ दे, एका बाणानं काय होतंय! आपण मनातल्या मनात सुलटा धरू आणि पुढे जाऊ.

तिनं तसं केलं, आणि खरं सांगायचं तर ही तिची पहिली चूक.

वही त्या आठवड्यात विहीणबाईंकडे गेली. परत आली तेव्हा लॅबताईनं पानं उलटली. तिच्या उत्तरांच्या आधी वजाची खूण होती. एकदा नाही, पाचही ठिकाणी. पेन्सिल तीच, जागा तीच. आपणच लिहिलं असणार. पण का लिहिलं? सुलटी वाट धरली तर वजा यायचं काही कारण नव्हतं. तिनं खोडरबर घेऊन पाचही खुणा पुसल्या. पुढच्या फेरीला वही परत आली तेव्हा त्या खुणा पुन्हा हजर.

खुणेला काही अक्षर नसतं. 'क' कुणाचा ते ओळखता येतं, आडव्या रेघेचं काय ओळखणार? आपल्याशिवाय वहीत हात घालणारं दुसरं कुणी असेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही, कारण विहीणबाई दर वेळी म्हणायच्या, "छान सोडवलंय हं आपण." तिला एवढंच कळलं की आपण काहीतरी लिहितो आणि आपल्याला आठवत नाही. ती शाळेत एकच नळी दोनदा धुवायला लागली. भिंगांच्या खोक्यावर चुंबकांची चिठ्ठी लावली. घरी नवऱ्यानं विचारलं, "काय गं, बरं नाही का?" तर म्हणाली, "वय झालं." पाचवं प्रकरण संपलं, सहावं संपलं, आणि वजाच्या खुणा येत राहिल्या, पुसल्या जात राहिल्या.

परीक्षेला दोन आठवडे उरले. लॅबताईनं ठरवलं की फॉर्म मागे घ्यायचा. शनिवारी तिनं अर्जही लिहिला, घडी करून पर्समध्ये ठेवला. रविवारी विहीणबाईंना शेवटचं सातवं प्रकरण शिकवायचं आणि सोमवारी तो देऊन यायचा. विहीणबाईंची एवढी मेहनत वाया जाणार याचं तिला खरंच वाईट वाटत होतं.

सातव्या प्रकरणात ती जुनी, साधी दिसणारी बेरीज होती: एका रेघेखालचं क्षेत्र. रेघ मधे डोंगरासारखी वर, दोन्हीकडे उतरत उतरत लांबवर जमिनीला टेकायला आलेली. विहीणबाईंनी आडव्या रेषेवर अर्धवर्तुळ उभारलं, खड्डा आत घेतला, बाण काढला. नेहमीसारखाच, उजवीकडून डावीकडे जमिनीवरून चाललेला. लॅबताई इतकी खचली होती की या वेळी तिनं स्वतःच उत्तराआधी वजा लिहून टाकला. नाहीतरी नंतर उगवणारच, मग आत्ताच असू दे.

"वजा पाय, म्हणजे वजा तीन पूर्णांक चौदा," ती म्हणाली.

विहीणबाईंनी मान डोलावली. मग त्यांना राहवलं नाही. त्यांनी पिशवीतून आलेखाचा कागद काढला, डोंगर मापात काढला आणि त्याच्या खालचे चौकोन मोजायला लागल्या. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. पुटपुटत, टोकानं ठिपके देत, अर्धे चौकोन जुळवत त्या मोजत राहिल्या. दहा मिनिटांनी म्हणाल्या, "दोन पूर्णांक नऊ दशांश. दोन्हीकडच्या शेपट्या बाकी आहेत. त्या धरल्या की तीनच्या थोडं वर जाईल. म्हणजे पाय बरोबर आहे."

"हो."

"पण विहीणबाई, हा वजा कसला? सगळा डोंगर जमिनीच्या वर आहे. वजा क्षेत्रफळाचं शेत मी बत्तीस वर्षांत पाहिलं नाही."

विहीणबाई वहीची मागची पानं उलटू लागल्या, आणि पाचव्या प्रकरणातल्या एका उत्तरापाशी थांबल्या. तिथे वजाच्या जागी कागदाला चक्क भोक पडलं होतं. इतक्या वेळा लिहून पुसलेलं. भोकातून पलीकडच्या पानावरचं वर्तुळ दिसत होतं.

लॅबताईनं ते भोक बघितलं. मग शेजारच्या पानावरच्या खुणा बघितल्या. सगळ्या सारख्या लांबीच्या होत्या, आणि सगळ्या पट्टीनं मारल्यासारख्या सरळ. लॅबताईची रेघ जन्मात इतकी सरळ आली नव्हती.

"विहीणबाई," ती हळूच म्हणाली, "ही रेघ आपली आहे का?"

विहीणबाई लाल झाल्या. "माझी."

"कधीपासून?"

"चौथ्या प्रकरणापासून. पण पुसत कोण होतं?"

"मी."

"का?"

"कारण तिथे वजा नकोच आहे!"

"नको कसा? आपण काट्यांप्रमाणे फिरलो, तर पुस्तकच म्हणतं वजा लावा. पान एकशेबारा!"

"पण काट्यांप्रमाणे फिरायचंच नाहीये! आपला बाण उलटा आहे. पहिल्या दिवसापासून उलटा आहे."

"मग पहिल्या दिवशी बोलला का नाहीत?"

"आपण मुलाच्या आई. कशी बोलणार?" लॅबताईचा आवाज चढला. "आणि मी वजा विसरते असं वाटत होतं तर आपण का नाही बोललात?"

"आपण सुनेच्या आई!" विहीणबाईंचाही चढला. "उद्या सूनबाईच्या कानावर गेलं असतं की सासूनं आईला वजाबाकी शिकवली. मला त्या घरात राहायचंय!"

"म्हणून चोरून लिहायचं? दीड महिना मी समजतेय की माझं डोकं चालेनासं झालं! हा बघा, हा अर्ज! उद्या फॉर्म मागे घ्यायला निघाले होते मी, तुमच्या या सभ्यपणापायी!"

आतलं दार उघडलं. बेकरीवाला केस विस्कटलेले, डोळे चोळत दारात उभा. दोन विहिणी टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींवर ओरडताहेत हे बघून त्याची झोप खाडकन उतरली. "काय झालं? पोरांचं काही बिनसलं का?"

"नाही हो, दिशेचं बिनसलंय," विहीणबाई म्हणाल्या. "आपण झोपा."

तो बिचारा परत जाऊन झोपला. झोपला की नुसता कान देऊन पडला, कोण जाणे.

विहीणबाईंनी अर्ज उलगडून वाचला आणि टेबलावर ठेवला. "एका वजाच्या खुणेसाठी पेपर सोडायचा?"

"आधीही सोडलाय," लॅबताई म्हणाली. आणि मग जे एकोणतीस वर्षांत नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते तिनं या ताठ बाईला सांगितलं. त्या दिवशी कळा वगैरे काही नव्हत्या. नववा महिना होता, म्हणून तिला दाराजवळचं बाक दिलं होतं. तिनं पहिला प्रश्न वाचला, दुसरा वाचला, पाचही वाचले. सगळे ओळखीचे, आणि एकही येईना. हात बर्फासारखे. अर्ध्या तासाच्या आत कुणाला बाहेर सोडत नाहीत, तेव्हा ती अर्धा तास बसली, घंटा झाली आणि कोरी उत्तरपत्रिका देऊन बाहेर पडली. घरी पोचली तर तिचा चेहरा बघून सगळ्यांनी आपणच ठरवलं की कळा सुरू झाल्या. लोकांनी कारण हातात ठेवलं, तिनं मूठ मिटली. लेक तीन दिवसांनी झाली.

"आणि ती पोर आजवर समजते की तिच्यामुळे झालं," लॅबताई म्हणाली आणि रडायला लागली.

विहीणबाईंनी तिला थोपटलं नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता. त्यांनी अर्जाचे आधी दोन, मग चार, मग आठ सारखे तुकडे केले. "हे बघा, फेरी बंद झाली नाही तर आम्ही काय करतो? पहिल्या दगडापासून परत फिरतो. मी एकदा एका शाळेचं अख्खं मैदान शेजारच्या गोठ्यात घातलं होतं. साहेब, मास्तर, गोठेवाला, सगळ्यांच्या समोर परत मोजलं. लाज वाटते. पण मोजता येतं." मग त्यांनी खोडरबर घेतलं आणि वहीतले सगळे बाण पुसून, एकेक करून, उलटे फिरवले. एकेचाळीस बाण होते. लॅबताई नाक पुसत मोजत होती.

त्या दिवशी दोघींनी एक नियम केला: चूक दिसली की चहाच्या आधी बोलायची. चहा झाल्यावर सांगितलेली चूक ग्राह्य नाही. पुढचे दोन आठवडे विहीणबाई रोज यायला लागल्या आणि त्या टेबलावर नुसती खडाजंगी चालायची. "हे कुठून आणलंत?" "डोळे उघडून बघा जरा!" "अहो, खड्डा बाहेर आहे, तुम्ही आत धरलाय!" 'आपण' कधी गेलं आणि 'तुम्ही' कधी आलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. संध्याकाळी आईला न्यायला आलेला जावई दारातूनच आवाज ऐकून दोन जिने खाली उतरला आणि त्यानं घाबरून बायकोला फोन केला. चहा मात्र कधी कधी पाचची वेळ टळून सहाला व्हायचा, कारण आधी चुका संपायला हव्यात.

परीक्षेच्या दिवशी लॅबताई हॉलमध्ये शिरली, तेव्हा दारातल्या तरुण पर्यवेक्षिकेनं तिच्या हातात कोऱ्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दिला आणि म्हणाली, "बरं झालं मॅडम, आलात. त्या बाजूच्या तीन रांगा तुम्ही घ्या." लॅबताईनं एक ठेवून घेतली आणि बाकीच्या परत केल्या. बिचारीनं तिची चार वेळा माफी मागितली.

प्रश्नपत्रिका आली. पहिला प्रश्न वाचला, दुसरा वाचला. सगळे ओळखीचे. हात पुन्हा गार पडले. तिनं पहिला कसाबसा लिहिला, दुसऱ्याची सुरुवात केली, आणि अर्ध्या तासाची घंटा झाली.

तीच घंटा. दोन मुलं उठली, उत्तरपत्रिका देऊन बाहेर गेली. दार उघडंच राहिलं. लॅबताईनं पेन खाली ठेवलं. कॉरिडॉरमधून कुणाच्या तरी चपला वाजत गेल्या. तिला उठावंसं वाटलं, खोटं कशाला सांगा. पाय तर टाच उचलून तयारच होते.

पुढ्यात दुसरा प्रश्न होता: क्षेत्र काढा. तिनं पेन्सिल घेतली आणि जमिनीची आडवी रेघ मारली. वाकडी आली. त्यावर अर्धवर्तुळ उभारलं, ते तर फुटक्या वाटीसारखं. मग बाण काढला. काढताच तिच्या कानात "डोळे उघडून बघा जरा!" असं इतकं मोठ्यांदा वाजलं की तिनं दचकून बघितलं. बाण उलटा आला होता! विहीणबाईंच्या बत्तीस वर्षांच्या सवयीची लागण तिला झाली होती. तिला तिथे त्या शांत हॉलमध्ये खुदकन हसू आलं. तिनं बाण पुसला, सुलटा काढला, उत्तर जमिनीच्या वर येतंय ना ते ताडून पाहिलं, आणि पुढचे अडीच तास मान वर केली नाही. शेवटी तरुण पर्यवेक्षिकेला तिच्या हाताखालून उत्तरपत्रिका ओढून घ्यावी लागली.

फाटकाशी विहीणबाई थर्मास घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कसा गेला वगैरे विचारलं नाही. "शेवटपर्यंत बसलात?"

"ओढून घेतला माझ्याकडून."

"हं," विहीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी थर्मासमधला चहा ओतला. पहिल्यांदाच तो कपाबाहेर सांडला.

निकाल दीड महिन्यानं लागला. एकसष्ट. लेकीनं आपल्या घरी सगळ्यांना बोलावलं. म्हणजे सगळे मिळून पाचच: आई, बाबा, नवरा, सासूबाई आणि ती. बेकरीवाल्यानं केक आणला होता. त्यावर क्रीमनं एक बंद वाट काढली होती आणि बाणही काढला होता. तो बरोबर आहे की नाही यावर दोन विहिणी केक कापायच्या आधी पाच मिनिटं भांडल्या.

मग लेक उभी राहिली. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे नंबर तपासणारी पोर, भाषण द्यायची तिला सवय नाही. "एकोणतीस वर्षांपूर्वी मी आले आणि आईचा पेपर राहिला," ती म्हणाली. "मला ते कायम... म्हणजे सगळे गमतीनं म्हणतात, पण मला वाटायचं. आज ते फिटलं." तिनं डोळे टिपले, हसली, आणि म्हणाली, "चला, चहा टाकते."

"थांब," लॅबताई म्हणाली. "चहा नंतर."

विहीणबाईंनी हातातली सुरी खाली ठेवली. त्यांनी ही गोष्ट आजवर सुनेला कळू दिली नव्हती.

लॅबताईनं सांगितलं. दाराजवळचं बाक, पाच प्रश्न, कोरी उत्तरपत्रिका, अर्ध्या तासाची घंटा. काही वगळलं नाही. "तुझ्यामुळे नाही गं. तू तीन दिवसांनी आलीस. मी घाबरले आणि पळाले, आणि नाव तुझं लागलं, आणि मी ते लागू दिलं. हे चुकलं माझं."

"बारावीला गणित घेतलं मी तुझ्यासाठी," लेक म्हणाली. "तुझं राहिलं म्हणून. दोन वर्षं रडत होते आई मी."

"माहीत आहे."

"माहीत होतं? तरी बोलली नाहीस?"

"नाही बोलले."

जावई केककडे बघत होता, बेकरीवाला बायकोकडे. लेकीचा चेहरा आधी रागानं लाल झाला, मग हळूहळू उतरला. ती आईसमोर जमिनीवर बसली आणि आईच्या गुडघ्यावर हात ठेवून तिनं विचारलं, अगदी लहान आवाजात, जसं पाच वर्षांची असताना विचारलं असतं:

"म्हणजे मी काहीच नव्हतं केलं?"

"काहीच नाही. तू नुसती जन्मलीस."

लेकीनं एक मोठा श्वास सोडला. लॅबताई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग लेकीनं नाक ओढलं आणि मान वर केली.

"उत्तरांची पानं तरी मीच खाल्ली होती ना?"

"ती तूच."

"बरं झालं खाल्ली. नाहीतर तुम्ही दोघी कशावर भांडला असतात," लेक म्हणाली, आणि उठून चहा टाकायला गेली.